फर्नांडो व्हॅलेन्सुएला : एका पिचरच्या खांद्याचा हिशेब

बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपल्याकडचा बोलर, असं सांगून बरेच जण मोकळे होतात. ओळख करून देण्यापुरतं ते ठीक आहे, पण पिचरचं करिअर समजून घ्यायला निघालं की ही तुलना लगेच तोकडी पडते. बोलर सहा चेंडू टाकतो, मग दुसऱ्या टोकाकडून दुसरा कोणीतरी टाकतो. दमला तर कर्णधार त्याला फाइन लेगला पाठवतो आणि तासाभराने पुन्हा बोलावतो. पिचरच्या नशिबी असलं काही नाही. संघ क्षेत्ररक्षणाला उतरला की प्रत्येक चेंडू त्यानेच फेकायचा. तीन गडी बाद झाले की आपला संघ फलंदाजी करेल तेवढीच विश्रांती, की पुन्हा हजर. अशा नऊ इनिंग्ज, म्हणजे सत्तावीस गडी. आणि एकदा त्याला बदललं, बाहेर बसवलं, की त्या सामन्यात त्याला परत आणता येत नाही.

शिवाय इथे धावत येणं नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहायचं, एक पाय उचलायचा आणि कोपर वाकवून चेंडू सरळ हवेतून फेकायचा. समोरची होमप्लेट, म्हणजे फलंदाज उभा असतो ती जागा, १८.४४ मीटरवर. धावण्याचा वेग मदतीला नसल्यामुळे शेवटचा सगळा ताण खांद्यावर आणि कोपरावर येतो. सामन्याची सुरुवात करणारा पिचर आज साधारण नव्वद-शंभर चेंडू फेकतो आणि मग चार-पाच दिवस पुन्हा सामन्यात उतरत नाही. संघाकडे असे पाच जण असतात, ते आळीपाळीने उतरतात. सुरुवातीचा पिचर थकला की उरलेल्या इनिंग्जसाठी राखीव पिचर येतात.

हे एवढं आधी सांगायचं कारण असं की पिचर किती मोठा होता हे ठरवताना त्याच्या विजयांची, बळींची यादी वाचून भागत नाही. त्याच्या हाताकडून किती काम काढून घेतलं गेलं, कोणत्या वयात, आणि त्या बदल्यात त्याला काय मिळालं, हेही बघावं लागतं. मेक्सिकोच्या फर्नांडो व्हॅलेन्सुएलाचं करिअर या दृष्टीने फार बोलकं आहे. १९८१ साली त्याने अमेरिका डोक्यावर घेतली, आणि पुढच्या सोळा वर्षांत तीच ख्याती त्याच्या खांद्याने फेडली.

जन्म १ नोव्हेंबर १९६०, मेक्सिकोच्या वायव्येकडच्या सोनोरा राज्यात, नावोहोआ शहराजवळच्या एचोवाकिला नावाच्या खेड्यात. बारा भावंडांतला हा सगळ्यात धाकटा. घरची थोडी शेती, थोरले भाऊ शेतीही करत आणि गावाच्या संघात बेसबॉलही खेळत. मेक्सिको म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुटबॉल येतो आणि ते चूकही नाही. पण सोनोरा, सिनालोआ, बाहा कॅलिफोर्निया हा वायव्येचा पट्टा बेसबॉलवेडा आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळणारा पहिला मेक्सिकन, मेल आल्मादा, हाही सोनोराचाच. १९३३ मध्ये तो बॉस्टनकडून उतरला होता.

मेक्सिकोत बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग आहेत आणि नवखा वाचक इथे हमखास गोंधळतो. उन्हाळ्यात चालते ती मेक्सिकन लीग, १९२५ पासूनची, देशभर पसरलेली. हिवाळ्यात वायव्येच्या पट्ट्यात चालते ती पॅसिफिक लीग. अमेरिकेतला हंगाम संपला की बरेच खेळाडू हिवाळी लीगमध्ये खेळायला येतात. म्हणजे मेक्सिकन पिचरचा हात वर्षभर चालू राहू शकतो. हेही हिशेबात धरायला हवं. फर्नांडो पंधरा-सोळा वर्षांचा असताना घराजवळच्याच नावोहोआच्या क्लबने त्याला करारबद्ध केलं. मग लहान-मोठ्या संघांतून फिरत तो १९७९ मध्ये युकातानच्या संघात, मेक्सिकन लीगमध्ये पोहोचला.

लॉस एंजेलिस डॉजर्स या मेजर लीग संघाचा स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, माइक ब्रितो हा मूळचा क्यूबाचा. पनामा हॅट आणि सिगार हा त्याचा कायमचा अवतार. तो ग्वानाह्वातो राज्यातल्या सिलाओ गावी एका शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धाव काढताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधे उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला, बघायला गेला होता. समोरच्या संघाचा पिचर होता एक गुबगुबीत डावखुरा पोरगा. ब्रितोचं लक्ष शॉर्टस्टॉपवरून उडालं ते उडालंच. ६ जुलै १९७९ रोजी डॉजर्सनी फर्नांडोचा करार १,२०,००० डॉलरना विकत घेतला.

इथे ‘करार विकत घेतला’ हे शब्दशः घ्यायचं. मेक्सिकन लीगमधल्या खेळाडूवर त्याच्या क्लबचा हक्क असे. अमेरिकन संघाने पैसे मोजायचे ते क्लबला. फर्नांडोच्या वेळीही त्या रकमेतला मोठा वाटा क्लबच्या तिजोरीत गेला, मुलाच्या हाती थोडं आलं. वय वर्षं अठरा.

डॉजर्सना हातात आलेला माल चांगला वाटत होता, पण अपुरा. फर्नांडोचा फास्टबॉल काही भयंकर वेगवान नव्हता. ताशी ९० मैल म्हणजे १४५ किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यावर मेजर लीगचे फलंदाज गप्प बसत नाहीत. त्याला आणखी एक हत्यार हवं होतं. ते दिलं बॉबी कास्तियो या डॉजर्सच्याच पिचरने, १९७९ च्या शेवटी. हत्याराचं नाव स्क्रूबॉल.

स्क्रूबॉल काय चीज आहे हे स्वतःच्या हातावर करून बघता येतं. डावा हात डोक्याच्या बाजूला वर घ्या, तळवा समोर. आता हात पुढे आणत मनगट असं वळवा की अंगठा खाली जाईल आणि तळवा अंगापासून बाहेरच्या बाजूला उघडा पडेल. खांद्यापासून कोपरापर्यंत एक अवघड पीळ जाणवेल. नेहमीचा कर्व्हबॉल टाकताना मनगट याच्या उलट, आतल्या बाजूला वळतं. त्यामुळे डावखुऱ्या पिचरचा कर्व्हबॉल उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे वळतो. फलंदाजाला ते सवयीचं असतं, चेंडू त्याच्या दिशेने येतोय हे त्याला दिसतं. स्क्रूबॉल उलटा जातो. फास्टबॉलसारखाच सुटलेला दिसतो, वेग मात्र थोडा कमी, आणि शेवटच्या क्षणी उजव्या फलंदाजापासून लांब आणि खाली पडतो. फलंदाज बॅट घुमवतो तेव्हा चेंडू तिथे नसतोच. बहुतेक फलंदाज उजवे, म्हणून डावखुऱ्या पिचरला हे हत्यार सोन्यासारखं.

मग सगळेच का टाकत नाहीत? एक तर शिकायला कठीण. दुसरं म्हणजे त्या पिळामुळे हात खराब होतो अशी जुनी धास्ती. १९३० च्या दशकातला कार्ल हबेल हा स्क्रूबॉलचा बादशहा. त्याचा डावा हात पुढे पुढे नुसता लोंबकळत सोडला तरी तळवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसे. हात खराब होण्याचा दोष स्क्रूबॉलचा किती आणि अतिश्रमाचा किती, यावर अजून वाद घालता येईल. आज हा चेंडू जवळजवळ कोणी टाकत नाही, चेंजअपवर, म्हणजे फास्टबॉलसारख्या दिसणाऱ्या पण संथ चेंडूवर, काम भागवतात. फर्नांडो मात्र तो दोन वेगवेगळ्या वेगांनी टाकायला शिकला, आणि वर्षाच्या आत तो त्याचा हुकमी चेंडू झाला.

सप्टेंबर १९८० मध्ये त्याला वरच्या संघात बोलावलं. राखीव पिचर म्हणून त्याने १७ इनिंग्ज आणि वर दोन गडी एवढं काम केलं आणि स्वतःच्या खात्यावर एकही धाव दिली नाही. तरी १९८१ च्या हंगामाचा पहिलावहिला सामना त्याला मिळायचा नव्हता. तो मान जेरी रॉइसचा. त्याची पोटरी दुखावली. पुढचा बर्ट हूटन, त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं. उरला फर्नांडो. ९ एप्रिल १९८१ रोजी या वीस वर्षांच्या पोराने ह्यूस्टनला नऊ इनिंग्ज एकट्याने रोखलं आणि डॉजर्स २-० ने जिंकले.

पुढचे पाच आठवडे काय घडलं ते समजायला एक आकडा शिकून घ्यावा लागेल, अर्न्ड रन अ‍ॅव्हरेज. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे मिळालेल्या धावा वगळायच्या, उरलेल्या धावांना नऊने गुणायचं आणि टाकलेल्या इनिंग्जनी भागायचं. पिचर पूर्ण सामना खेळला असता तर सरासरी किती धावा दिल्या असत्या, याचं ते उत्तर. चारच्या आसपास असेल तर चालून जातं, तीनच्या खाली असेल तर उत्तम. फर्नांडोने पहिल्या आठ सामन्यांत ७२ इनिंग्ज टाकल्या आणि धावा दिल्या चार. चार गुणिले नऊ, छत्तीस, भागिले बहात्तर. उत्तर ०.५०. आठही सामने जिंकले. त्यातले सात त्याने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत स्वतः टाकले, उरलेल्या एकातही नऊ इनिंग्ज टाकल्या होत्या, सामना दहाव्या इनिंगपर्यंत लांबला एवढंच. पाच सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव नाही, ज्याला शटआउट म्हणतात. २२ एप्रिलला ह्यूस्टनविरुद्ध १-० असा निकाल लागला, त्या एकमेव धावेसाठीचा फटकाही त्याचाच. तेव्हा नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी डॉजर्सच्या भागात, पिचरला फलंदाजी करावी लागे. बहुतेक पिचर ती उरकून टाकत. हा मात्र खरोखर फटके मारायचा; कारकिर्दीत त्याने दहा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, ठोकले.

त्याची शैलीही बघत राहावी अशी. पाय वर उचलला की डोळे थेट आभाळाकडे. फलंदाजाकडे बघायला हवं त्या क्षणी हा वर बघायचा, आणि चेंडू मात्र कॅचरच्या ग्लोव्हमध्ये अचूक जायचा. बांधा खेळाडूसारखा नव्हता, पोट सुटलेलं, चेहरा पोक्त. हा खरंच वीसच वर्षांचा आहे का अशी शंका इतकी बळावली की जन्माचा दाखला दाखवावा लागला. इंग्रजी येत नव्हतं. डॉजर्सचा स्पॅनिश समालोचक हाइमे हार्रीन, मूळचा इक्वेडोरचा, पत्रकार परिषदांत त्याचा दुभाषा झाला. जूनमध्ये व्हाइट हाउसमध्ये रेगन यांनी मेक्सिकोच्या अध्यक्षांना दिलेल्या मेजवानीला त्यालाही बोलावणं होतं. या वेडाला वर्तमानपत्रांनी नाव दिलं, फर्नांडोमेनिया.

त्या वेडाची मुळं लॉस एंजेलिसच्या मातीत आहेत, आणि ती माती जरा उकरावी लागते. डॉजर स्टेडियम ज्या टेकड्यांवर उभं आहे तिथे पूर्वी पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या. या भागाला चावेझ रव्हीन म्हणत. १९५० च्या सुमारास शहराने इथे सार्वजनिक घरं बांधायची म्हणून लोकांना उठवायला सुरुवात केली. घरांची योजना राजकारणात बुडाली. जमीन रिकामी पडली, आणि पुढे ती ब्रुकलिनहून आलेल्या डॉजर्सना मिळाली. शेवटची कुटुंबं हलायला तयार नव्हती. मे १९५९ मध्ये पोलिसांनी माणसांना उचलून घराबाहेर काढलं, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. १९६२ मध्ये स्टेडियम उघडलं. शहरातल्या कितीतरी मेक्सिकन घरांनी त्याकडे पाठ फिरवली होती. डॉजर्सच्या मालकांना मेक्सिकन तारा हवा होता तो उगाच नव्हे. लाखो प्रेक्षक दाराशी होते आणि आत येत नव्हते.

१९८१ मध्ये ते आले. फर्नांडो पिचिंग करणार असेल त्या दिवशी स्टेडियम भरायचं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत, आणि परगावच्या मैदानांवरही गर्दी फुगायची. फर्नांडोने जुनी जखम भरून काढली, असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला ते जरा सोयीस्कर वाटतं. घर गेलेल्या माणसाला घर काही परत मिळालं नाही. मात्र त्यांच्यासारखा दिसणारा, त्यांची भाषा बोलणारा, शेतकऱ्याचा मुलगा त्या मैदानाच्या मधोमध उभा राहून मोठमोठ्या फलंदाजांना घरी पाठवत होता, आणि आजही डॉजर्सच्या प्रेक्षकांत लॅटिनो चेहरे मोठ्या संख्येने दिसतात, त्याचा आरंभ त्या उन्हाळ्यात आहे.

१२ जूनला खेळाडूंचा संप झाला, जवळजवळ दोन महिने बेसबॉल बंद. १८ मे रोजी फिलाडेल्फियाने त्याला पहिल्यांदा हरवलं होतं, आणि संपानंतरही तो पूर्वीसारखा अजिंक्य राहिला नाही. तरी हंगामाअखेर १३ विजय, ७ पराभव, सरासरी २.४८, आणि १८० स्ट्राइकआउट, म्हणजे फलंदाजाला चेंडू मैदानात न घालू देता बाद करणं, यात लीगमध्ये पहिला. त्याला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कारही मिळाला आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही. दोन्ही एकाच वर्षी मिळवणारा तो आजही एकटाच आहे.

त्या वर्षीचा त्याचा सगळ्यात देखणा सामना मात्र त्याच्या वाईट सामन्यांपैकी एक आहे. २३ ऑक्टोबर, वर्ल्ड सिरीज म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, समोर न्यूयॉर्क यँकीज. डॉजर्स पहिले दोन सामने हरलेले. फर्नांडोला लय सापडत नव्हती. सात फलंदाजांना त्याने चार-चार वाइड चेंडू देऊन फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, नऊ जणांनी फटके मारून बेस गाठला, त्यात दोन होमरन. आठव्या इनिंगमध्ये यँकीजचे दोन जण बेसवर, कोणीही बाद नाही. बॉबी मर्सरने चेंडू हलकेच ढकलायचा प्रयत्न केला, तो उडाला, तिसऱ्या बेसवरचा रॉन से झेप घेऊन गेला, झेल पकडला आणि चेंडू पहिल्या बेसवर फेकून दुसराही गडी टिपला. मॅनेजर टॉमी लसोर्डाने तरीही पिचर बदलला नाही. फर्नांडोने नववी इनिंगही टाकली. ५-४. एकूण चेंडू १४७. डॉजर्सनी ती सिरीज सहा सामन्यांत जिंकली.

१४७ म्हणजे साडेचोवीस षटकं, एका माणसाने, एका संध्याकाळी, पूर्ण जोराने. तो तेव्हा एकवीसचाही झाला नव्हता. आज असा मॅनेजर दुसऱ्या दिवशी नोकरीवर राहील की नाही शंका आहे. लसोर्डाला एकट्याला दोष देणं बरोबर नाही. तेव्हा चांगल्या पिचरने सामना संपवायचा अशीच रीत होती, चेंडू मोजायची पद्धत नुकती कुठे रुजत होती, आणि फर्नांडो स्वतः कधी नाही म्हणत नसे.

आता पैशांकडे येऊ. १९८१ मध्ये त्याला मिळाले ४२,५०० डॉलर. स्टेडियम भरून वाहत होतं ते या पगारावर. मेजर लीगमध्ये पहिली काही वर्षं खेळाडूला फारसं बोलता येत नाही, क्लब देईल ते घ्यायचं. फर्नांडोने १९८२ च्या वसंतातल्या सरावाला न येऊन निषेध केला, शेवटी ३,५०,००० वर यावं लागलं. साधारण दोन-तीन वर्षं सेवा झाली की लवादाकडे जायचा हक्क मिळतो. लवादाची पद्धत गमतीशीर आहे. खेळाडू एक आकडा देतो, क्लब एक आकडा देतो, आणि लवादाने त्यातला एकच निवडायचा, मधला काढायचा नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना फार ताणता येत नाही. १९८३ मध्ये डॉजर्सनी साडेसात लाख म्हटलं, फर्नांडोने दहा लाख. लवादाने फर्नांडोचा आकडा उचलला. लवादातून दहा लाख डॉलर मिळवणारा तो पहिला खेळाडू.

आणि काम? १९८२ मध्ये २८५ इनिंग्ज. मग २५७, २६१, २७२, २६९, २५१. हल्ली एखाद्याने हंगामात दोनशे इनिंग्ज टाकल्या तर तो लोखंडी हाताचा म्हणून त्याचं कौतुक होतं. १९८६ मध्ये फर्नांडोने २० सामने पूर्ण स्वतः टाकले. त्यानंतर मेजर लीगमध्ये एका हंगामात हा आकडा कोणालाही गाठता आलेला नाही. अलीकडे सगळ्या तीस संघांचे मिळून पूर्ण सामने वर्षाला तीसच्या आसपास भरतात. १९८१ ते १९८७ या सात हंगामांत त्याने सुमारे १,७८८ इनिंग्ज टाकल्या. सगळ्या कारकिर्दीत २,९३०. म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाआधीच एकूण कामाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग उरकला होता. यात हिवाळी लीग धरलेली नाही.

याच काळात विजय-पराभवाच्या आकड्याचा फोलपणाही त्याने दाखवून दिला. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय आणि पराभव पिचरच्या नावावर लिहितात, म्हणून १३-७, १७-१० असे आकडे दिसतात. पण पिचरने एकच धाव दिली आणि आपल्या फलंदाजांनी शून्य केल्या तरी पराभव याच्याच माथी. १९८५ च्या एप्रिलमध्ये फर्नांडोने हंगामाच्या सुरुवातीपासून सलग ४१ इनिंग्ज एकही अर्न्ड धाव दिली नाही, हा विक्रम होता. महिन्याची सरासरी ०.२१. आणि महिन्याचा हिशेब? दोन विजय, तीन पराभव. शेवटचा सामना सॅन डिएगोशी, नवव्या इनिंगमध्ये टोनी ग्विनचा होमरन, ०-१. अशा महिन्यात पिचरला पराभूत म्हणणारी पद्धत अजून छापली जाते याचं मला नवल वाटतं.

१९८६ हे त्याचं शेवटचं भरगच्च वर्ष. २१ विजय. जुलैतल्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या, सामन्यात त्याने ओळीने पाच फलंदाज स्ट्राइकआउट केले : डॉन मॅटिंग्ली, कॅल रिपकेन, जेसी बारफील्ड, लू व्हिटेकर आणि टेडी इगेरा. १९३४ मध्ये ऑल-स्टारमध्ये ओळीने पाच जणांना टिपणारा कोण होता? कार्ल हबेल, तोच स्क्रूबॉलवाला डावखुरा. आणि पाचवा बळी इगेरा हा स्वतः पिचर, मेक्सिकोच्याच सिनालोआतला, सोनोराच्या शेजारचा.

१९८८ मध्ये खांदा बोलला. खांद्याचा सांधा ज्या पडद्यासारख्या आवरणात बसलेला असतो ते पुढच्या बाजूने ताणून सैल झालं होतं. अशी दुखापत एका चेंडूने होत नाही, हजारो चेंडूंनी होते. तोवर सलग २५५ वेळा पाळी न चुकवता उतरलेला हा माणूस जुलैच्या शेवटी बाहेर बसला. त्या वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले, त्याच्याशिवाय.

पुढचा फर्नांडो वेगळा पिचर आहे. वेग गेला, स्क्रूबॉलची धार बोथट झाली, उरली ती अक्कल. २९ जून १९९० रोजी सेंट लुइसविरुद्ध त्याने नो-हिटर टाकला. म्हणजे नऊ इनिंग्जमध्ये एकाही फलंदाजाला फटक्याच्या जोरावर बेस गाठू दिला नाही. त्याच दिवशी टोरोंटोत त्याचा जुना सहकारी डेव्ह स्ट्युअर्ट यानेही नो-हिटर टाकला होता. तो टीव्हीवर बघून फर्नांडो सहकाऱ्यांना म्हणाला, टीव्हीवर एक बघितलात, आता प्रत्यक्ष बघाल, असं सांगतात. गंमत म्हणून चांगलं आहे, पण त्याच हंगामात त्याची सरासरी ४.५९ होती. मार्च १९९१ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, डॉजर्सनी त्याला काढून टाकलं. करार पूर्ण हमीचा नसल्यामुळे वेळेत काढलं तर बहुतेक पगार वाचत होता. व्यवहार म्हणून बरोबर. दहा वर्षं स्टेडियम भरणाऱ्या माणसाला तो कसा लागला असेल ते सांगायला नको. बरीच वर्षं तो त्या संघापासून लांबच राहिला.

बहुतेकांची गोष्ट इथे संपते. फर्नांडोची इथे मला जास्त आवडायला लागते. एंजल्स या दुसऱ्या संघाकडे दोन सामने, दोन्ही हरले. मग १९९२ मध्ये तो मेक्सिकन लीगमध्ये परतला, हालिस्कोच्या संघात, जिथून सुरुवात केली त्याच पातळीवर. तिथून पुन्हा वर, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, सॅन डिएगो. १९९६ मध्ये पस्तिसाव्या वर्षी त्याने सॅन डिएगोसाठी १३ विजय आणि ३.६२ ची सरासरी दिली आणि त्या संघाने आपला विभाग जिंकला. त्याच वर्षी १६ ऑगस्टला मेक्सिकोत माँतेर्रेला न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध सामना झाला, अमेरिका आणि कॅनडाच्या बाहेर झालेला मेजर लीगच्या नियमित हंगामातला पहिलाच सामना. पिचर कोण असणार यात चर्चेला जागाच नव्हती. सॅन डिएगो १५-१० ने जिंकलं, विजय फर्नांडोच्या नावावर लागला. १९९७ मध्ये सेंट लुइसकडे चार पराभव झाले आणि मेजर लीग संपली. हिवाळी लीगमध्ये, मेहिकालीच्या संघासाठी, तो चाळिशी उलटल्यावरही टाकत राहिला. त्या सामन्यांतून नवे करार मिळणार नव्हते. त्याला चेंडू टाकायला आवडायचं.

२००३ मध्ये डॉजर्सशी गाठ पुन्हा बांधली गेली. हार्रीनच्या शेजारी बसून तो स्पॅनिशमध्ये समालोचन करू लागला. मैदानावर जसा कमी बोलायचा तसाच माइकसमोरही. त्याच्या जर्सीचा ३४ क्रमांक डॉजर्सनी त्याने संघ सोडल्यापासून कोणाला दिला नव्हता, पण अधिकृतपणे निवृत्तही केला नव्हता. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, नाव असेल तरच, असा त्यांचा जवळजवळ पक्का नियम. मेक्सिकन लीगने २०१९ मध्येच सगळ्या संघांसाठी हा क्रमांक निवृत्त केला. डॉजर्सना तिथवर यायला ११ ऑगस्ट २०२३ उजाडलं. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी फर्नांडो गेला. तीन दिवसांनी डॉजर्स-यँकीज वर्ल्ड सिरीज सुरू झाली, १९८१ नंतर पहिल्यांदाच हे दोन संघ तिथे समोरासमोर आले होते, आणि डॉजर्स खांद्यावर ३४ ची पट्टी लावून खेळले.

हॉल ऑफ फेमचा प्रश्न मात्र उरतोच. १७३ विजय, १५३ पराभव, सरासरी ३.५४, २,०७४ स्ट्राइकआउट. मेक्सिकोत जन्मलेल्या कोणत्याही पिचरचे मेजर लीगमध्ये याहून जास्त विजय नाहीत, पण हॉलच्या दारात हे आकडे कमी पडतात. निवडीला ७५ टक्के मतं लागतात. २००३ मध्ये पत्रकारांनी त्याला ६.२ टक्के मतं दिली, पुढच्या वर्षी ३.८, आणि पाच टक्क्यांच्या खाली गेल्यामुळे नाव यादीतून उडालं. डिसेंबर २०२५ मध्ये जुन्या खेळाडूंच्या समितीपुढे ते परत आलं. निवड झाली ती दुसऱ्या एका माजी खेळाडूची, जेफ केंटची. समितीने नुसती बेरीज केली असेल तर निकालात चूक काढता येत नाही. पण ती बेरीज करताना सात वर्षांत १,७८८ इनिंग्ज एका कोवळ्या हाताकडून टाकून घेतल्या होत्या, आणि त्यातून क्लबला दोन पिढ्यांचे प्रेक्षक मिळाले, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते हॉलने अजून ठरवलेलं दिसत नाही. माझं मत असतं तर मी दिलं असतं.